ठोसा चुकविण्याची विद्या

श्रोते हो, मुष्टियुद्ध किंवा बॉक्सिंग हा शब्द कानीं पडला म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उगारलेली मूठ येते, रक्ताळलेलें नाक येतें आणि जमिनीवर आडवा झालेला एक मनुष्य येतो. लागलेला ठोसा सर्वांना दिसतो. न लागलेल्या ठोशाकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु ज्यांनीं हा खेळ जवळून पाहिला आहे, त्यांना ठाऊक आहे कीं, त्यांतील निम्मी विद्या, किंबहुना निम्म्याहून अधिक विद्या, ठोसा चुकविण्याची आहे. आज शहरांतून मुलगे बॉक्सिंगच्या वर्गाला जातात. २०१२ सालच्या लंडन ऑलिंपिकपासून स्त्रियांचें मुष्टियुद्धहि त्या क्रीडासत्रांत आल्यामुळें मुलीहि जातात. अशा वेळीं घरांतील वडील मंडळींच्या मनांत एक धाकधूक असते कीं, पोराच्या डोक्याला मार लागला तर काय? हा प्रश्न अगदीं रास्त आहे, आणि त्याचें उत्तर देण्यासाठींच आजचें हें भाषण आहे.

मी औंधकडील एक निवृत्त शाळामास्तर. आयुष्यभर मुलांना भूमिति शिकविली. तेव्हां ह्या विषयाकडेहि मी भूमितीच्या नजरेनेंच पाहणार, हें श्रोत्यांनीं गृहीत धरावें.

भीतीचें मूळ कशांत आहे तें आधीं पाहूं. मनुष्याचें डोकें वजनानें साडेचार ते पांच किलो भरतें, आणि तें मानेच्या बारीकशा खांबावर तोललेलें असतें. कवटीच्या आंत मेंदू खिळ्यांनीं ठोकून बसविलेला नसतो; पाण्यासारख्या द्रवांत तो तरंगत असतो. हनुवटीवर बाजूनें ठोसा बसला म्हणजे हनुवटी तरफेच्या टोंकासारखें काम करते. डोकें एकाएकीं गरकन् फिरतें, कवटीबरोबर मऊ मेंदूला तितक्याच त्वरेनें फिरतां येत नाहीं, आणि तो आंतल्या आंत ताणला जातो. ऑक्सफर्ड येथील हॉलबोर्न नांवाच्या शास्त्रज्ञानें १९४३ सालीं जिलेटिनचे मेंदू बनवून हीच गोष्ट दाखविली, कीं डोकें फिरविणारा धक्का हाच मेंदूला विशेष घातक असतो. त्यापूर्वीं १९२८ सालीं मार्टलँड नांवाच्या अमेरिकन डॉक्टरानें जुन्या मुष्टियोद्ध्यांची अडखळती चाल, जड झालेली जीभ व मंदावलेली बुद्धि यांचा संबंध त्यांनीं वर्षानुवर्षें डोक्यावर सोसलेल्या माराशीं जोडला होता.

यावर कोणी म्हणेल कीं, डोक्याला गादीचें टोपडें घातलें म्हणजे झालें. सरावांत तें अवश्य घालावें. त्यानें भुवई फुटत नाहीं, कान चेंगरत नाहीं. पण टोपडें घातलेलें डोकेंहि ठोशासरशीं फिरतेंच. मोठ्या पुरुषांच्या स्पर्धांतून तें टोपडें काढून टाकण्यांत आलें, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्यें पुरुष उघड्या डोक्यानें लढले. मेंदूचें खरें रक्षण एकच: ठोसा डोक्यापर्यंत पोंचूं न देणें. आणि माझें आजचें मुख्य सांगणें असें कीं, हें काम हातांचें फार थोडें आहे. तें पायांचें, गुडघ्यांचें आणि कमरेचें आहे.

गवंडी भिंत उभी करतांना ओळंबा सोडतो, तो आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. तसाच एक ओळंबा आपल्या बेंबीखालून जमिनीपर्यंत सोडला आहे अशी कल्पना करा. शरीराचा सारा भार जणूं तेथें एकवटलेला असतो. दोन पावलांनीं व त्यांच्यामधल्या जागेनें जमिनीवर जो चौकोन होतो, त्याच्या आंत ओळंब्याचें टोंक आहे तोंवर मनुष्याचा तोल सुटत नाहीं. टोंक चौकोनाबाहेर गेलें कीं तो पडतो, किंवा पडूं नये म्हणून घाईनें पाऊल टाकतो. आणि त्या घाईच्या क्षणीं त्याला ना मारतां येत, ना चुकवितां येत. ठोसा चुकविणें म्हणजे डोकें ठोशाच्या रेषेंतून बाहेर काढणें, परंतु ओळंबा चौकोनाच्या आंत ठेवून. ह्या एका वाक्यांत सारें शास्त्र आलें. पुढें सांगतों तो त्याचा विस्तार आहे.

प्रथम पवित्रा. उजव्या हाताच्या माणसानें डावें पाऊल पुढें व उजवें मागें ठेवावें. दोन पावलें एकाच दोरीवर नसावींत. आगगाडीच्या दोन रुळांवर एकेक पाऊल असावें. दोन्ही एका रेषेंत आलीं तर चौकोनाची पट्टी होते आणि बाजूच्या नुसत्या धक्क्यानें मनुष्य कलंडतो. दोन्ही शेजारीं शेजारीं आलीं तर समोरच्या धक्क्यानें तो मागें जातो. रुळांचें अंतर खांद्यांच्या रुंदीइतकें असावें. पुढच्या पावलाचा चवडा किंचित् आंत वळलेला, मागची टांच जमिनीपासून थोडी उचललेली, दोन्ही गुडघे सैल. गुडघा ताठ झाला कीं पाय म्हणजे खुंट झाला. छाती समोर उघडी न ठेवतां धड अर्धें वळवावें, कोपरें बरगड्यांशीं टेकवावींत, मुठी गालांच्या उंचीवर धराव्यात, आणि हनुवटी डाव्या खांद्याच्या आडोशाला घ्यावी. भार दोन्ही पायांवर जवळजवळ सारखा असावा, म्हणजे कोणताहि पाय आधीं मोकळा न करतां उचलतां येतो.

आतां चालणें. नियम सोपा आहे: ज्या दिशेला जावयाचें, त्या बाजूचें पाऊल आधीं हलवावें. पुढें जातांना पुढचें, मागें जातांना मागचें, डावीकडे डावें, उजवीकडे उजवें. दुसरा पाय जमीन रेटून त्याला पाठवितो आणि मग तितकेंच अंतर स्वतः येतो. पावलें एकमेकांना ओलांडीत नाहींत व एकमेकांजवळ येऊन चिकटत नाहींत. कारण तीं जवळ आलीं कीं आपला चौकोन वीतभर उरतो. उड्या मारणें दिसायला छान दिसतें, पण पाय हवेंत असेतों मनुष्याला दिशा बदलतां येत नाहीं. म्हणून पाऊल जमिनीला जवळजवळ घासत जावें.

नवशिका भ्याला म्हणजे सरळ मागें जातो, आणि ही त्याची मोठी चूक होय. पुढें येणारा मनुष्य मागें जाणाऱ्यापेक्षां नेहमींच वेगवान् असतो. पहिला ठोसा चुकला तरी दुसरा किंवा तिसरा गांठतोच. शिवाय बॉक्सिंगचा आखाडा दोरांच्या आंत सुमारें वीस फूट औरसचौरस असतो. चार पावलांत पाठ दोराला लागते. तेव्हां मागें एक पाऊल, फार तर दोन, आणि लगेच बाजूला. पुढच्या चवड्यावर फिरून मागचा पाय कंसांत नेला कीं आपण प्रतिपक्ष्याच्या रेषेबाहेर जातों. त्याला पुनः वळावें लागतें, पुनः पाय जुळवावे लागतात. आणि तो वळेपर्यंतचा वेळ आपला असतो.

येथें आमच्या भागांतील श्रोते विचारतील कीं, आमचीं मुलें कुस्तीच्या मातींत वाढलेलीं. त्यांना हें निराळें कशाला शिकवावयाचें? प्रश्न योग्य आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें ५७ किलोंच्या गटांत कांस्यपदक मिळविलें, तेव्हां सातारा जिल्ह्याच्या मातींतली चपळाई जगानें पाहिली. पण कुस्तीचा पवित्रा व मुष्टियुद्धाचा पवित्रा यांत भेद आहे. मल्ल कमरेंतून पुढें झुकतो, हात खालीं व पुढें ठेवतो, वेळीं डोक्याला डोकें भिडवितो. कारण तेथें भय असतें तें ओढण्याचें, उचलण्याचें व पट काढण्याचें. डोक्यावर ठोसा येणार नाहीं हें त्याला ठाऊक असतें. तोच पवित्रा घेऊन तो बॉक्सिंगच्या दोरांत शिरला तर आपलें डोकें त्यानें समोरच्याच्या मुठीपुढें आणून ठेवलें असें होईल. तालमींतून जें न्यावयाचें तें पायांतलें बळ, आणि बैठकेंतला चवड्यावरचा तोल. पुढें झुकण्याची संवय तेवढी मातींतच ठेवून यावी.

सूर्यनमस्काराविषयींहि असेंच म्हणतां येईल. औंध संस्थानचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या कारकीर्दींत नमस्कार शाळाशाळांतून रोजचा पाठ करून सोडला, आणि १९३८ सालीं त्यांचें इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झालें. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, पण त्या शिक्षणाचें मर्म आजहि खरें आहे: मोजक्या दहा स्थिति, त्या रोज, त्याच क्रमानें, श्वासाशीं जुळवून, मग शरीर आपण होऊन त्या करूं लागतें. ठोसा चुकविण्याची विद्याहि अशीच मोजक्या स्थितींच्या आवर्तनानें अंगीं मुरते. मात्र एक सावधगिरी हवी. नमस्कारांत गुडघे ताठ ठेवून कमरेंतून वांकावयाचें असतें. कंबर व मांड्यांच्या मागच्या शिरा मोकळ्या होण्यास तें उत्तम. मुष्टियुद्धांत नेमकें उलट करावयाचें: कंबर सरळ, आणि वांकावयाचें तें गुडघ्यांतून.

याचा प्रत्यय सरळ ठोशापासून घेऊं. प्रतिपक्ष्याचा डावा हात सरळ आपल्या तोंडाकडे आला. नवशिका काय करतो? मान तेवढी बाजूला टाकतो. मान हलली, धड जागींच राहिलें. पुढचा ठोसा धडावर, किंवा परत येणाऱ्या डोक्यावर. जाणता काय करतो? तो उजव्या गुडघ्यांत किंचित् बसतो, कंबर व खांदे उजवीकडे वळवितो, डावा खांदा पुढें येतो, आणि डोकें धडाबरोबर चार बोटें सरकतें. प्रतिपक्ष्याचा हात डाव्या खांद्यावरून निघून जातो. चार बोटेंच कां? कारण ठोसा डोक्यापलीकडून गेला म्हणजे झालें. हातभर सरकल्यानें कांहीं अधिक मिळत नाहीं, उलट ओळंबा चौकोनाबाहेर जातो. शिवाय अशा वेळीं आपण त्याच्या हाताच्या बाहेरच्या अंगाला असतों. त्याची दुसरी मूठ तेथवर सहज पोंचत नाहीं. आणि आपला भार उजव्या पायावर दाबलेल्या स्प्रिंगसारखा जमलेला असतो, म्हणून उत्तराचा ठोसा वेगळी तयारी न करतां निघतो. त्याचा उजवा हात आला तर हेंच सारें डावीकडे: भार डाव्या पायावर, उजवी टांच उचलून बाहेर वळलेली.

आडवा ठोसा कानाकडे येतो तेव्हां बाजूला सरकून उपयोग नाहीं. त्याच्याखालून जावें लागतें. येथें गुडघ्यांची परीक्षा होते. पाठ जवळजवळ सरळ ठेवून अर्धी बैठक घ्यावयाची, डोकें खोलगट परडीच्या तळासारख्या वळणानें ठोशाखालून न्यावयाचें, आणि ज्या बाजूनें ठोसा आला त्याच बाजूला वर यावयाचें, म्हणजे त्याचा हात आपल्या डोक्यावरून पलीकडे गेलेला असतो. गुडघे न वांकवितां जो कमरेंतून वांकतो त्याचे डोळे जमिनीकडे लागतात, डोकें पायांच्या बोटांपुढें जातें, आणि खालून वर येणारा ठोसा त्याला दिसतहि नाहीं. वर येतांना तो आधीं पाठ सरळ करणार, मग पाहणार, मग हात उचलणार. तोंवर फेरी संपलेली असते.

तिसरा मार्ग मागें झुकण्याचा. त्यांतहि कमरेंतून मागें कलंडूं नये. तसें केल्यानें भार टांचांवर जातो, हनुवटी वर येते व गळा उघडा पडतो. मागच्या गुडघ्यांत बसावें, भार त्या पायावर घ्यावा, हनुवटी खालींच ठेवावी. महंमद अली हात खालीं सोडून नुसता मागें झुकून ठोसे चुकवीत असे, हें चित्रपटांतून पाहिलेलीं मुलें आपल्याला ऐकवितात. त्यांना सांगावें कीं, अलीची उंची, हाताची लांबी व डोळ्यांची तीव्रता हीं लाखांत एकाला मिळतात. आणि तोहि पुढें तितका चपळ राहिला नाहीं. १९७४ सालीं किन्शासा येथें फोरमनविरुद्ध दोरांना टेकून त्यानें पुष्कळ मार अंगावर घेतला आणि सामना जिंकला. १९८४ सालीं त्याला कंपवात झाल्याचें निदान झालें. ठोसे हेंच त्याच्या रोगाचें एकमेव कारण असें खात्रीनें म्हणतां येत नाहीं. परंतु मार सोसण्याला शौर्य समजणाऱ्यांनीं त्याचें उत्तरायुष्य विसरूं नये.

हातांचें काम शेवटीं सांगतों, कारण तें खरोखर शेवटचें आहे. पाय व कंबर यांनीं जें निभावलें नाहीं, तें हातांनीं निभवावें. ठोसा अडवितांना हात शरीराला टेकलेला असावा. मग धक्का हातांतून धडांत, धडांतून पायांत व पायांतून जमिनींत जातो. हात अधांतरीं असला तर आपलीच मूठ आपल्या नाकावर येऊन आदळते. ठोसा हातानें बाजूला सारावयाचा असेल तर तळव्यानें, वीतभर जागेंत, कोपर न हलवितां. दार लोटावें तसें. ठोशाला भेटावयास हात पुढें नेला कीं आपलें दार उघडें पडलें.

डोळ्यांविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. डोळ्यांनीं पाहून शरीर हलण्यास सुमारें एकपंचमांश सेकंद लागतो, आणि सरळ ठोसा येण्यास लागणारा वेळ त्याहून फारसा अधिक नसतो. म्हणून मुठीकडे पाहत राहणारा नेहमीं उशीर करतो. नजर प्रतिपक्ष्याच्या छातीवर ठेवावी. तेथून त्याचे खांदे व पाय दोन्ही दिसतात, आणि हातापूर्वीं तेच हलतात. अंतरहि असें राखावें कीं, त्याला मारण्यासाठीं आधीं एक पाऊल पुढें यावेंच लागेल. तें पाऊल हीच आपल्याला मिळालेली सूचना. श्वास कोंडूं नये. प्रत्येक हालचालीबरोबर नाकावाटे थोडा सोडावा. श्वास कोंडला कीं खांदे ताठतात, आणि ताठ खांद्याचा मनुष्य चुकवूं शकत नाहीं.

ह्या विद्येचा महिमा इतिहासांतहि दिसतो. अठराव्या शतकांत इंग्लंडांत उघड्या मुठींनीं झुंजी होत. दोघे समोरासमोर रोवून उभे राहत, व जो अधिक सोसी तो जिंके. डॅनियल मेंडोझा हा मध्यम बांध्याचा, सुमारें पांच फूट सात इंच उंचीचा गडी पुढें आला. त्यानें पायांची चाल व ठोसा चुकविणें यांवर भर दिला, १७८९ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें, आणि आपल्याहून धिप्पाड लोकांना नमवून तो इंग्लंडचा अजिंक्यवीर झाला. मौज अशी कीं, १७९५ सालीं जॅक्सन नांवाच्या प्रतिपक्ष्यानें एका हातानें त्याचे लांब केस धरले व दुसऱ्यानें ठोसे मारले, तेव्हां कोठें त्याचा पराभव झाला. डोकें हलूं देत नाहीं म्हटल्यावर मेंडोझाची अर्धी विद्या खुंटली!

घरीं सराव कसा करावा, हेंहि सांगतों. साहित्य फार थोडें लागतें. ओसरीवर किंवा गच्चीवर खडूनें दोन रूळ आंखावेत आणि त्यांवर पुढें, मागें, बाजूला चालावें. प्रत्येक पावलानंतर थांबून खालीं पाहावें कीं अंतर पहिल्याइतकेंच आहे काय. मग खांद्याच्या उंचीवर एक दोरी आडवी बांधावी आणि तिच्याखालून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे डोकें नेत पाऊल पाऊल पुढें जावें. पाठ वांकली तर मांड्या दुखणार नाहींत, कंबर दुखेल. दुसऱ्या दिवशीं मांड्या दुखल्या तर समजावें कीं काम बरोबर झालें. शेवटीं कापडाचा चेंडू सुतळीनें नाकासमोर टांगून झोंका द्यावा, आणि तो येतांना चार बोटें सरकावें. तोल गेला तर गति कमी करावी. ह्यांत कोणी कोणाला मारीत नाहीं. आणि तरीहि बॉक्सिंगचें निम्मेंअधिक शिक्षण ह्यांत होऊन जातें.

आतां पालकांच्या त्या प्रश्नाकडे वळूं. मुलाला वर्गांत घालण्यापूर्वीं एक दिवस तेथें तासभर बसून पाहावें. तेथें आधीं पाय शिकवितात कीं पहिल्याच दिवशीं हातमोजे घालून दोन पोरें एकमेकांवर सोडतात? चुकविल्यानंतर मुलगा पवित्र्यांत उभा आहे कीं धडपडतो आहे? ठोसा खाऊन हंसणाऱ्याची पाठ वस्ताद थोपटतात कीं न खाणाऱ्याची? आणि डोक्याला मार लागून मुलाला गरगरलें, ओकारी आली, डोकें दुखूं लागलें किंवा तो गोंधळल्यासारखा बोलूं लागला, तर त्या दिवशीं त्याला पुनः दोरांत उतरूं देतात काय? तसें मुळींच होऊं देतां कामा नये. त्याला डॉक्टरांकडे न्यावें, व त्यांनीं परवानगी देईपर्यंत घरीं ठेवावें. ह्या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं तर मुलाला किंवा मुलीला खुशाल पाठवावें. न मिळालीं तर फी कितीहि कमी असो, परत यावें.

सांगली जिल्ह्यांतील पेठ ह्या गांवचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यांत मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. पुढें ते पोहण्याकडे वळले, आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक क्रीडासत्रांत पन्नास मीटरच्या शर्यतींत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. २०१८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. मुष्टियुद्धाच्या शिस्तींत वाढलेला मनुष्य किती खंबीर असूं शकतो, याचें हें आपल्या घरचें उदाहरण होय. असा खंबीरपणा आपल्या मुलांत यावा असें कोणाला वाटणार नाहीं? मात्र तो यावा म्हणून डोक्यावर मार खाण्याची गरज नाहीं. पाऊल, गुडघा व कंबर यांचें शिक्षण आधीं मिळालें, तर मूठ वळण्याची घाई कोणालाच राहणार नाहीं.